ब्याण्णव किलो आणि चांदीची पळी

बुधवार, ४ मे २००५

वजन ९२.३. (वीणा म्हणते, काट्यावर श्वास रोखून उभं राहिल्याने काही कमी होत नाही. झाला तर तमाशा होतो.)

बुधवारच्या शर्यतींचा सीझन सुरू. पाणी नऊ अंश, माणसं त्याहून थोडी गार. शिडाच्या होड्यांच्या क्लबात सगळे एकमेकांना "मॉइन" म्हणाले, म्हणजे उत्तर जर्मनीतला रामराम. झाली वर्षभराची आपुलकी.

शेडमधला काळा फळा उवेने नव्याने लिहिला. उवे आमचा कप्तान. निवृत्त दंतवैद्य, वय एकोणसत्तर. चाळीस वर्षं समोरच्याला आ करायला लावून एकटाच बोलत आला, तीच सवय सुकाणूवर. फळ्यावर: उवे ८१. फ्रांक ७७. किर्स्टन ६४. चौथ्या ओळीत नुसतंच: ९२.

म्हटलं, "माझं नाव राहिलं."

"९२ कोण ते सगळ्यांना माहीत आहे," उवे.

तिसरं वर्ष हे. होडीवर माझी भरतीही तशीच झाली होती. त्याच्या खुर्चीत, तोंडात दोन नळ्या. त्याने विचारलं, "वजन किती?" मला वाटलं भूल द्यायला विचारतोय. बोटांनी नऊ आणि दोन दाखवले. तो म्हणाला, "बुधवारी साडेपाचला धक्क्यावर ये." पोहता येतं का, हे आजतागायत विचारलेलं नाही.

येतं. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी वाढलोय. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं.


बुधवार, ११ मे

वारा नाही. उवेने आकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज तू घरी जा."

होडी सात मीटरची. वारा जोराचा असेल तर ती एका अंगावर कलते. मग कुणीतरी वरच्या काठावर बसून पाठ पाण्याबाहेर टाकून तिला दाबून धरावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. वारा पडला की तोच मी ओझं. तराजूतलं माप काढून ठेवावं तसं मला काढून धक्क्यावर ठेवलं.

मुक्ता सायकलवरून बघायला आली होती. सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. "पापा, दू बिस्ट आल्झो आइन झांडझाक." म्हणजे वाळूची गोणी. म्हटलं, गोणीला जिने चढायला लावत नाहीत, मला तुझी आई लावते, तेवढा फरक.

तिघं तिसरे आले. मला बरं वाटलं. वाटू नये, पण.


बुधवार, १ जून

वजन ९२.०. वारा पाच, म्हणजे जोराचा. माझा दिवस.

होडीवरचा कायदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. बोलायचं फक्त उवेने आणि फ्रांकने. फ्रांक करसल्लागार आहे. वारा कुठून येईल ते सांगणं त्याचं काम, आणि करासारखंच, आल्यावर सांगतो. किर्स्टन पुढचं शीड ओढते. ती बालवाडीत शिकवते; तिने बोललेलं चालतं, पण ती बोलत नाही, दिवसभर बोलून झालेलं असतं. मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मागच्या वर्षी शर्यतीत "उवे, मागून बोट येतेय" म्हणालो, तर म्हणाला, "बॅलास्टला डोळे नसतात." बॅलास्ट म्हणजे होडी कलू नये म्हणून ठेवलेलं वजन.

आज डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली. उवेचा काळा पाव पहिल्या लाटेत भिजून गेला. फ्रांकचं सॉसेज समुद्राला. माझी भाकरी लाट अंगावर घेऊन तशीच कडक. समुद्रापासून इतक्या दूर बसून सोलापूरकरांनी खलाशांचं अन्न शोधून काढलं आणि शेतावर नेलं, याला म्हणतात नियोजन.

उवेने तुकडा एक्स-रे दिव्यासमोर धरावा तसा धरून पाहिला. "यावर किती दंतवैद्य जगतात तुमच्याकडे?" मग तीन खाल्ल्या.

दुसरे आलो.


रविवार, १९ जून

ब्राउनश्वाइगहून जुना मित्र देशपांडे सहकुटुंब आला. इंजिनं बनवतो, त्यामुळे जगाकडे बघण्याचं एकच छिद्र.

"किती हॉर्सपॉवर?"

"शिडाची आहे रे."

"मोटर दिसतेय की मागे!"

"ती बंद ठेवायची शर्यतीत."

"असून बंद ठेवायची?" त्याला खरोखर दुःख झालं.

मग शेजारच्या कुणाच्या तरी चाळीस फुटी यॉटपुढे उभं राहून फोटो. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही पण या ना, तुमचीच वाटेल." त्या यॉटचा मालक तिच्यावरच बसून केक खात होता. तीन वर्षांत ती धक्क्यावरून सुटलेली मी पाहिलेली नाही. पांढरी पँट, सोनेरी बटणं, कप्तानाची टोपी. याला जर्मनीत समुद्रावर प्रेम असणं म्हणतात.

इथे येण्याआधी एर्लांगेनला होतो, तिथे बरं होतं. बारा वर्षं सगळे सायकलवर. सायकलवर कुणी फार मोठा दिसत नाही.


बुधवार, १३ जुलै

शुगर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा किलो उतरवा, लवकर. मी फोन ठेवायच्या आत वीणाने तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

उवेला सांगितलं. त्याचा चेहरा असा झाला की जणू शुगर त्याला झालीय. "सप्टेंबरपर्यंत थांबवता येईल?"

"शुगर?"

"वजन."

घरी हे सांगितल्यावर वीणा: "अहो, त्या दातवाल्याला सांगा, मला नवरा हवाय. गोणी हवी तर बाजारात मिळते."

मला म्हणायचं होतं की कंपनीत गेली दोन वर्षं मला 'विशेष प्रकल्प' दिलेत, म्हणजे खिडकी, टेबल आणि दुपारी कॅन्टीन. आख्ख्या आठवड्यात बुधवारी साडेसहा ते आठ एवढाच वेळ मी नसलो तर काहीतरी उलटतं. नाही म्हणालो. असल्या गोष्टी बायकोला सांगितल्या की ती कनवाळू होते, आणि मग भात कायमचाच जातो.


बुधवार, १० ऑगस्ट

वजन ८९.८. उवेला सांगितलं ९१.

बुधवारच्या शर्यतींचं एकूण बक्षीस म्हणजे चांदीची पळी. सूप वाढायची, हातभर लांब. पळी आहे, पंचपात्र नाही, संध्या करायलाही उपयोग नाही. दरवर्षी जिंकणाऱ्या होडीचं आणि तिच्यावरच्या चारही माणसांचं नाव दांड्यावर कोरतात. फ्राऊ पेटरसनचं चार वेळा आहे. ती निवृत्त शाळामास्तरीण, होडी निळी, आवाज हिवाळी. उवे अकरा वर्षं दुसरा येतोय. हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. पुढे सुकाणूवर बसता येईल की नाही ते गुडघ्याचा सर्जन सांगेल. म्हणजे यंदा किंवा कधीच नाही. हे तो बोलत नाही. फ्रांक बोलतो, तो नसताना.

आजपर्यंत: पेटरसन पहिली, आम्ही एका गुणाने मागे.

शर्यतीनंतर उवे कागद-पेन्सिल घेऊन आला. "कोरणाऱ्याला आधी सांगावं लागतं. तुझं नाव लिही. पूर्ण."

मोठ्या अक्षरांत लिहिलं. माधव होटगीकर. तो पेन्सिलीच्या टोकाने अक्षरं मोजत बसला. "बसेल," म्हणाला.

घरी येताना बेकरीसमोर दोन मिनिटं विनाकारण उभा होतो. मूर्खपणा. सूप वाढायच्या पळीवर.


बुधवार, ३१ ऑगस्ट

वजन ८८.४. जाकिटाच्या आत दोन स्वेटर भिजवून घातले. किर्स्टनने हात लावून पाहिला. "ऊब येते याने?" म्हटलं, फार.

पहिले आलो. आता पेटरसन आणि आम्ही बरोबर. एक शर्यत राहिली.


बुधवार, ७ सप्टेंबर. रात्रीचे सव्वाआठ. क्लबाच्या संडासात, निकालपत्राच्या पाठीवर

पटकन लिहितो, साडेआठला बोलावलंय.

वारा पाच-सहा. सुरुवातीपासून आम्ही पुढे. पेटरसन मागे, पाच-सहा होड्यांच्या अंतरावर. शेवटचा बोया, म्हणजे वळणाची तरंगती खूण: केशरी, हवा भरलेला, माणसाएवढा. त्याला वळसा घालून परत वाऱ्यावर चढायचं. वळताना मी नेमका बोयाच्याच अंगाला काठावर, पाठ बाहेर, जितकी जाईल तितकी. उवेने फार जवळून घेतलं. फ्रांक "जवळ, आणखी जवळ" ओरडत होता.

लागला. उजवा कुल्ला. मऊ, ओला, लग्नात कुणीतरी गर्दीत घासून जावं तसा.

नियम साधा आहे. बोयाला शिवायचं नाही; माणूस लागला म्हणजे होडी लागली. इथे पंच बघत नसतो. ज्याला लागलं त्याने आपण होऊन जागच्या जागी एक गिरकी घ्यायची आणि पुढे जायचं. वीस सेकंद जातात. आम्ही पंधराने पुढे होतो.

मी काही बोललो नाही. होडीवरचा कायदा आहे, बॅलास्टने बोलायचं नाही. जन्मात कुठला कायदा इतक्या निष्ठेने पाळला नव्हता.

पहिले आलो. उवेने सुकाणू सोडून दोन्ही हात तोंडावर धरले. मग माझ्या खांद्यावर चापटी मारली आणि म्हणाला, "माधव." तोंडाने, तीन वर्षांत पहिल्यांदा.

मागून पेटरसनचा आवाज: "प्रोटेस्ट!"

कुणीतरी दार ठोठावतंय. फ्रांक.


गुरुवार, ८ सप्टेंबर

कामावर गेलो नाही. काल काय झालं ते क्रमाने लिहून ठेवतो.

क्लबाची मागची खोली. तीन परीक्षक, तीन कप कॉफी, एक प्लमचा केक. अध्यक्ष जुना बंदर-पायलट. टेबलावर लाकडी खेळण्यातल्या होड्या, शर्यत कशी झाली ते त्या सरकवून दाखवायचं असतं. साठी-सत्तरीची माणसं खेळण्यांवर वाकून इतक्या गंभीरपणे बोलत होती की बालवाडीत मुलं बरी, असं किर्स्टनलाही वाटलं असावं. आमची होडी लाल, पेटरसनची निळी. बोया म्हणून मिठाची कुपी.

पेटरसन: "वळताना जाड्या गृहस्थांचा मागचा भाग बोयाला लागला. बोया डुलला."

अध्यक्षांना मी कुठे होतो ते दाखवायचं होतं. त्यांनी बशीतून साखरेचा खडा उचलला आणि लाल होडीच्या काठावर ठेवला. मला शुगर आहे हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

उवे उभा राहिला. गुडघा धरून. "मी पाहिलं नाही, म्हणून शपथेवर सांगत नाही. पण माझ्या होडीवर काही लागलं तर माझी माणसं मला लगेच सांगतात. तशी पद्धतच आहे आमच्याकडे."

पद्धत! माझी माणसं!

भिंतीवर काचेच्या पेटीत पळी होती. उवे तिच्याकडे बघत होता. अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"हेर होटगीकर. लागलं?"

खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती. संडासात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मुक्तासमोर म्हणून पाहिलं असतं तर तिलाही पटलं असतं.

"हो," म्हटलं. "लागलं."

"मग त्याच वेळी का नाही सांगितलंत?"

"मला बोलायची परवानगी नव्हती."

कुणाच्या तरी कपातला चमचा वाजला. किर्स्टनने खाली मान घातली, तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय ते समजलं नाही. फ्रांक म्हणाला, "हे हास्यास्पद आहे." अध्यक्षांनी लाल होडी उचलून खोक्यात ठेवली. साखरेचा खडा टेबलावर तसाच.

बाद. पळी पेटरसनला, पाचव्यांदा.

बाहेर मी उवेला म्हणालो, "माफ कर." तो गाडीची किल्ली शोधत होता. सापडली, गेला.

आज दिवसभर विचार करतोय की मी काल खरं बोललो, की "तशी पद्धत आहे" ऐकून त्याला एक ठेवून दिली. दोन्ही एकाच शब्दात झालं. आणि बोयापाशी जो गप्प बसलो तो कायद्याने नाही. दांड्यावर नाव बसणार होतं म्हणून.

वीणाला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती. "बरं केलंत. पण बोयापाशीच बोलला असतात तर दुसरे तरी आला असतात."

बायकांना नेमकं जिथे दुखतं तिथलंच गणित येतं.


शनिवार, १५ ऑक्टोबर

होड्या पाण्याबाहेर काढायचा दिवस. क्रेन, दोर, बिअर. मला निरोप नाही. तरी बेकरीच्या कोपऱ्यावरून पाहिलं. उवे, फ्रांक, किर्स्टन. माझ्या जागी दोर धरायला एक नवा, दाढीवाला, शंभराचा तरी असेल.

बेकरीत फ्राऊ पेटरसन भेटली. "पुढच्या वर्षी कुठे असाल तुम्ही?"

मी टोपी काढली. म्हटलं, "अजून काही ठरलं नाही."

"अच्छा. माझ्याकडे जागा नाहीये. सहज विचारलं." आणि बिनबियांचे चार पाव घेऊन गेली. पाचदा पळी उगाच नाही मिळत.


शनिवार, २४ डिसेंबर

वजन ८४.६. डॉक्टरीणबाई खूश. वीणा खूश. जुन्या पँटी कुणाला द्यायच्या यावर चर्चा.

उवेचं कार्ड आलं. दरवर्षी "प्रिय माधव" असायचं. यंदा "होटगीकर कुटुंबास". खाली सही, डॉक्टर लावून.

मुक्ता म्हणाली (जर्मनमध्ये): तू जाऊन बोलत का नाहीस त्याच्याशी? म्हटलं, परवानगी नाही. ती म्हणाली, आता हा विनोद जुना झाला, पापा.

झाला खरा.


शुक्रवार, १७ मार्च २००६

किर्स्टन सुपरमार्केटात भेटली. उवेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाला, एक सीझन चालेल, पुढचं बघू. उद्या शेडमध्ये होडी घासायची आहे.

इथला रिवाज असा: मार्चमध्ये ज्याला घासायला बोलावतात तो त्या वर्षी होडीवर. करार नाही, सही नाही. हातात सँडपेपर मिळाला की समजायचं.

"तुला सांगितलंय का त्याने?" किर्स्टन.

"नाही."

"मलाही सांगितलं नाही की तुला सांगू नकोस," ती म्हणाली, आणि दही घेऊन गेली. बालवाडीच्या बाईंकडून इतकं मोठं भाषण पहिल्यांदाच ऐकलं.


शनिवार, १८ मार्च

वजन ८२.९. श्वास न रोखता.

डब्यात सहा कडक भाकऱ्या, चटणी. वीणाने विचारलं नाही कुठे. जुना शर्ट मात्र काढून ठेवला होता.

शेडचं दार उघडं. उवे उलट्या बादलीवर बसून होडीचं पोट घासत होता, पाय सरळ लांब केलेला. फ्रांक आणि किर्स्टन पलीकडच्या अंगाला. दाढीवाला नव्हता. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे कुणाला बोलावं लागलं नाही.

उवेने वर पाहिलं. "दार. थंडी येते."

आत येऊन लावलं. खोक्यातून स्वतःच सँडपेपर घेतला. कुणी दिला असं म्हणता येणार नाही. डावं अंग, सुकाणूपासून डोलकाठीपर्यंत. जिथे मागच्या वर्षी मी बसायचो तिथे काठाचा रंग उडून पांढरं पडलंय, माझ्याच आकाराचं. तेही घासलं.

साडेबाराला डबा उघडला. फ्रांक म्हणाला, "ते दगड आहेत का?" उवेने मास्क खाली केला आणि दोन खाल्ल्या. चावताना डोळे मिटलेले. दाढेचं काहीतरी दुखत असावं. दंतवैद्याकडे कोण जाणार.

मग उठला, फळ्यापाशी गेला. फळ्यावर अजून मागचंच: उवे ८१. फ्रांक ७७. किर्स्टन ६४. ९२. वरच्या तीन ओळींना हात लावला नाही. बाहीने ९२ पुसलं.

पाठ माझ्याकडेच. "आता किती?"

नव्वद म्हणता आलं असतं. स्वेटर भिजवायचं तंत्र येतं.

"त्र्याऐंशी. अजून उतरेल."

त्याने खडू हातात धरला. बराच वेळ. फ्रांकचं घासणं थांबलं. मग त्याने खडू फळ्याच्या खालच्या पट्टीवर ठेवला आणि लंगडत हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता. दोन हातांना एवढं पाणी लागत नाही.

फ्रांक काही म्हणणार होता; किर्स्टनने त्याच्या हातात झाडू दिला.

उवे परत यायच्या आत मी फळ्यापाशी गेलो, खडू उचलला, आणि मग निघालो. डबा तिथेच राहिला.

घरी वीणाने दार उघडलं आणि माझा हात धरून बघितला. "होडी तर लाल आहे ना? हे पांढरं कसलं लागलंय?"

म्हटलं, "धूळ आहे. घासायची."

तिने अंगठ्याने पुसून पाहिलं.